लढाईच्या सालातली मॅट्रिक

लढाई म्हटलं की आपल्या वस्तीत दोन गोष्टी हटकून यायच्या. एक भरतीवाला, दुसरी महागाई. शाळा ही तिसरी गोष्ट. तिच्याबद्दल कुणी बोलत नाही. लढायांचे इतिहास सेनापतींचे असतात, तहांचे असतात, नकाशांचे असतात. लढाई चालू असताना इंग्रजी सातवीच्या बाकावर कोण बसलं होतं, कोण उठून गेलं, कुणाला उठवलं, याची नोंद कुठल्या बखरीत नाही. आपल्या पोरांची तर नाहीच नाही. म्हणून हे लिहितोय. माझ्या घरातलं लिहितोय, कारण मला तेच पुराव्यासकट माहीत आहे.

नव्या पोरांसाठी एक सांगून ठेवतो. त्या काळी मराठी चार इयत्ता झाल्या की इंग्रजी पहिली सुरू व्हायची. इंग्रजी सातवी म्हणजे मॅट्रिक. परीक्षा मुंबई विद्यापीठ घ्यायचं. एस.एस.सी. बोर्ड स्वातंत्र्यानंतरचं. मॅट्रिक झालेला माणूस म्हणजे कारकून होऊ शकणारा माणूस, कॉलेजात जाऊ शकणारा माणूस. आणि मॅट्रिक नापास म्हणजे अख्खं आयुष्य नावापुढं 'नापास' लावून हिंडणारा माणूस. आमच्या महारवाड्यात तोवर नापास होण्याइतकंही कुणी पोचलं नव्हतं.

आधी एक हिशेब मांडू. आपल्यात अक्षर आलं कुठून? देवळातून आलं नाही. गावच्या शाळेच्या ओट्यावरूनही आलं नाही. पलटणीतून आलं. कंपनी सरकारच्या फौजेत महार शिपाई होते, आणि शिपायांना अन् त्यांच्या लेकरांना शिक्षण सक्तीचं होतं. पोरींनासुद्धा. बाबासाहेबांनी हे स्वतः लिहून ठेवलंय. त्यांचे वडील सुभेदार रामजी सकपाळ लष्करी शाळेत हेडमास्तर होते. गोपाळबाबा वलंगकर पलटणीतूनच पेन्शनीत आले, दापोलीत बसले आणि लेखणी हातात घेतली. पण ती शाळा कुणाच्या दयेतून निघाली नव्हती. हुकूम वाचायला, हिशेब ठेवायला माणूस लागत होता म्हणून निघाली होती. गरज सरली. सरकारला 'लढाऊ जाती' नावाचं नवं शास्त्र सुचलं आणि १८९२ च्या सुमारास महारांची भरती बंद झाली. लोक म्हणतात नोकरी गेली. नोकरी तर गेलीच, पण तिच्याबरोबर शाळा गेली. एका फटक्यात.

पुढं पहिलं महायुद्ध आलं. माणसं कमी पडायला लागली तसे सरकारला परत आपण आठवलो. १९१७ साली १११ वी महार पलटण उभी राहिली. लढाई संपली आणि १९२१ पर्यंत पलटण मोडीतही निघाली. म्हणजे बघा, लढाई आली की दार उघडतं आणि लढाई गेली की लागतं. दारामागचा माणूस तोच, त्याचं मनही तेच. त्याला हात पाहिजे असतात तेवढंच.

या हिशेबाची कळ सगळ्यात आधी कुणाला लागली असेल तर ती बाबासाहेबांना. ते स्वतः लढाईच्या सालातले विद्यार्थी होते, ही गोष्ट आपण जयंतीच्या भाषणात कधी बोलतो का? १९१६ साली ते अमेरिकेतून लंडनला गेले तेव्हा युरोप पेटलेला होता. लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्समध्ये नाव घातलं, ग्रेज इनमध्ये नाव घातलं. वर्षभरात बडोद्याच्या शिष्यवृत्तीची मुदत संपली आणि १९१७ साली अभ्यास अर्धा टाकून परत यावं लागलं. पुस्तकं आणि सामान दुसऱ्या बोटीनं पाठवलं होतं. ती बोट जर्मन पाणबुडीनं बुडवली. एकेक पेनी वाचवून घेतलेली पुस्तकं समुद्राच्या तळाला गेली. सामानाचा विमा होता, त्याचे पैसे मिळाले, ते बडोद्याला जाण्याच्या खर्चाला लागले. विद्यापीठाकडून मात्र त्यांनी चार वर्षांच्या आत परत येऊन अभ्यास पुरा करण्याची परवानगी मिळवून ठेवली होती. १९२० साली ते परत गेले, १९२३ साली डी.एस्सी. घेतली. लढाईनं पुस्तकं नेली, वर्षं नेली. पदवी काही त्यांनी तिला नेऊ दिली नाही.

आता दुसऱ्या महायुद्धाकडे येतो. सप्टेंबर १९३९ ला ते सुरू झालं. जुलै १९४१ मध्ये बाबासाहेबांना सरकारनं संरक्षण सल्लागार समितीवर घेतलं. महारांची पलटण पुन्हा उभी करा म्हणून त्यांनी तगादा लावलेला होताच. ऑक्टोबर १९४१ मध्ये बेळगावला महार रेजिमेंटची पहिली बटालियन उभी राहिली, पाठोपाठ दुसरी कामठीला. टोपीच्या बिल्ल्यावर भीमा कोरेगावचा स्तंभ. आमच्या सातारा जिल्ह्यात ही बातमी महारवाड्या-महारवाड्यांतून पसरली. तालुक्याच्या बाजाराला भरतीवाले यायचे. छाती मोजायचे, उंची मोजायचे, दात बघायचे. माझे थोरले चुलते, आम्ही त्यांना दादा म्हणायचो, ते १९४२ च्या उन्हाळ्यात बाजारातून थेट भरती होऊन गेले. आज्जा येसकर होता. गावाची राखण करायची, सरकारी टपाल पोचवायचं, मेलेलं ढोर ओढायचं आणि दारोदार भाकरी मागून आणायची. दादा म्हणायचे, "मागून आणलेल्या भाकरीला पाठ दाखवायची म्हणून गेलो. इंग्रजाच्या प्रेमानं न्हाई गेलो."

दादा गेले आणि त्यांच्या मनिऑर्डरीवर माझे वडील शिकले. आबांना तालुक्याच्या बोर्डिंगात ठेवलेलं होतं. हायस्कूल कुठलं ते सांगत नाही, सांगून उपयोगही नाही, कारण तसली हायस्कुलं तेव्हा गावोगाव होती. सरकारचा हुकूम होता की अस्पृश्य पोरांना वेगळं बसवू नका. हुकूम फाईलीत होता आणि आबा शेवटच्या बाकाच्या मागं गोणपाटावर होते. अपवाद नव्हता असं नाही. आमच्याच जिल्ह्यात कर्मवीर भाऊराव पाटलांच्या वसतिगृहात सगळ्या जातींची पोरं एका पंगतीला जेवत होती आणि १९४० साली त्यांनी साताऱ्याला महाराजा सयाजीराव हायस्कूल काढलं होतं. कमवा आणि शिका. पण एक कर्मवीर आणि एवढा जिल्हा.

लढाईनं अभ्यासाच्या एकेका वस्तूला हात घातला. मार्च १९४२ मध्ये रंगून पडलं आणि ब्रह्मदेशाचं तेल बंद झालं. रॉकेल मिळेना. बोर्डिंगात एका कंदिलाभोवती दहा-बारा पोरं बसायची. आबांना कायम काचेच्या काळ्या बाजूला जागा. कागदाची टंचाई आली. वह्या मिळेनात. गणितं पाटीवर करायची, पाठ करायची आणि पुसायची. आबा म्हणायचे, "आमची भूमिती पाटीवर जन्मली आणि पाटीवरच मेली, डोस्क्यात राहिली तेवढी आपली." ज्वारी महागली, मग दिसेनाशी झाली. मे १९४३ मध्ये मुंबईत रेशनिंग लागलं. मुंबईहून येणारी मदत आटली. बोर्डिंगातली भाकर एकावरून अर्धीवर आली. त्याच साली बंगालात लाखो माणसं भुकेनं मेली, तेव्हा अर्ध्या भाकरीची तक्रार कुणापुढं करणार?

आता खरी गोष्ट. ऑगस्ट १९४२. आबा तेव्हा इंग्रजी पाचवीत. 'छोडो भारत'ची हाक आली आणि देशभर पोरांनी शाळा-कॉलेजं सोडली. आबांच्या हायस्कुलातही घोषणा देत पोरं बाहेर पडली. वर्गात उरली पाच-सहा डोकी. त्यांत आपली तीन. मास्तर म्हणाले, बसा कुठंही. आबा उठले आणि पहिल्या बाकावर जाऊन बसले. आयुष्यात पहिल्यांदा. फळा एवढा जवळ असतो हे त्यांना त्या दिवशी कळलं. खडूची अक्षरं नुसती दिसत नव्हती, वाचता येत होती.

थोड्या वेळानं चार-पाच पोरं परत आली. वयानं मोठी, घरची बरी. म्हणाली, "ए, उठा. देश पेटलाय आणि तुम्ही इथं बसताय? गद्दार कुठले." आबा सोळा वर्षांचे. अंगात ताकद नाही, पायात वहाण नाही. पण बोलले. म्हणाले, "काल परत आत बसू देत नव्हता. आज बाहेर या म्हणताय. जरा आत बसून तर बघू द्या." त्यावर एकानं पाटी फोडली. पाटीचे पैसे दादाच्या पगारातून गेले.

दोस्तहो, इथं घाई करू नका. स्वातंत्र्याची लढाई खोटी होती असं मी म्हणत नाही. आमच्या जिल्ह्यात पुढं क्रांतिसिंह नाना पाटलांचं प्रतिसरकार उभं राहिलं. माणसं तुरुंगात सडली, गोळ्या खाल्ल्या. त्यांत आपलेही होते, नावं लिहायची राहिली एवढंच. पण शाळा सोडा ही हाक सगळ्यांना सारखीच ऐकू गेली आणि तिची किंमत सारखी पडली नाही. ज्याच्या घरी वाडा आहे, शेत आहे, शिकलेला बाप आहे, त्याचं एक वर्ष गेलं तर वर्ष गेलं. पुढल्या जूनला तो परत येतो, हेडमास्तर त्याचं नाव आदरानं परत घालतात, स्वातंत्र्य आल्यावर तेच वर्ष छातीवर बिल्ला होऊन लागतं. आपल्या पोराचं एक वर्ष गेलं की पोरगंच जातं. आज्जा म्हणाला असता, घरी आलायस तर चल, ढोर ओढायला हात पाहिजे. परत जाण्याचा रस्ता त्याच्यासाठी नव्हताच. म्हणून आबा पहिल्या बाकावर बसले, ती त्यांची बेचाळीसची चळवळ. ताम्रपट नाही मिळाला. पण मी तिला चळवळच म्हणतो.

आबा बाकावर बसले त्याच्या महिनाभर आधीच बाबासाहेब व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूरमंत्री झाले होते. जुलै १९४२. त्यावरून त्यांना काय काय ऐकावं लागलं ते तुम्हाला माहीत आहे. पण त्या खुर्चीत बसून त्यांनी लढाईकडून काय काढून घेतलं ते बघा. ऑक्टोबर १९४२ मध्ये त्यांनी व्हाइसरॉयला अस्पृश्यांच्या गाऱ्हाण्यांचं एक निवेदन दिलं. बनारसच्या हिंदू विद्यापीठाला आणि अलिगढच्या मुस्लिम विद्यापीठाला सरकार दरसाल लाखांनी रुपये देतं, मग आमच्या पोरांना काय? नुसत्या कारकुनीच्या शिक्षणानं भागणार नाही, विज्ञान आणि तंत्रज्ञान पाहिजे, असा त्यांचा आग्रह होता. दरसाल तीन लाखांची तरतूद त्यांनी मिळवली. १९४४ पासून अनुसूचित जातींच्या पोरांना मॅट्रिकच्या पुढं शिकायला भारत सरकारची शिष्यवृत्ती सुरू झाली. काही पोरं त्या पैशावर परदेशी गेली. आज आपल्यातलं पोरगं ज्या शिष्यवृत्तीचा फॉर्म भरतं, हप्ता अडकला की ज्या कचेरीवर आपण मोर्चा नेतो, ती शिष्यवृत्ती लढाईच्या सालात जन्मलेली आहे. सरकारला सैनिक हवे होते, कामगार हवे होते, देशात शांतता हवी होती. त्या अडचणीच्या वेळी बाबासाहेबांनी पावती फाडून घेतली.

ऑगस्ट १९४३ मध्ये केंद्र सरकारच्या नोकऱ्यांत अनुसूचित जातींसाठी ८.३३ टक्के जागा राखून ठेवल्या गेल्या. कागदावर जागा आल्या. पण जागेवर बसायला मॅट्रिक झालेला माणूस पाहिजे आणि मॅट्रिक झालेला माणूस गोणपाटावर बसलेला. तो पुढं सरकला नाही तर राखीव जागा रिकामी राहणार आणि वर ते म्हणणार, लायक उमेदवार मिळत नाही. हे वाक्य तेव्हापासूनचं आहे. त्या वाक्याला उत्तर म्हणून आबांना मॅट्रिक व्हायचं होतं.

आणि आता जिच्याबद्दल कुणीच बोलत नाही ती गोष्ट. माझी आत्या. आबांच्या पाठची. १९४३ साली ती अकरा वर्षांची होती, मराठी चौथीत होती आणि मास्तरच सांगायचे की पोरगी भावापेक्षा हुशार आहे. दादा पलटणीत, आबा बोर्डिंगात, आज्जाच्या अंगावर गावकी, आजी रोजगाराला. धान्याच्या दुकानापुढं सकाळपासून रांगेत कोण उभं राहणार? आत्या. आपली रांग वेगळी आणि ती सगळ्यात शेवटी हलायची. पहिल्या आठवड्यात तिची शाळा दोन दिवस बुडली, मग चार दिवस, मग पाटी-दप्तर उतरंडीवर गेलं. कुणी ठरवून तिला काढलं नाही. लढाईनं काढलं आणि आम्ही काढू दिलं.

पण वस्तीतनं सात-आठ गडी फौजेत गेलेले. त्यांची पत्रं यायची. पत्रावर गावाचं नाव नसायचं, मधल्या ओळी काळ्या शाईनं पुसलेल्या असायच्या. ती पत्रं वाचणार कोण? आबा सुट्टीलाच घरी. मग आत्या वाचायची. संध्याकाळी रांगेतून आली की चावडीच्या मागल्या अंगाला बायका जमायच्या आणि चौथीतली ती पोर एकेकीच्या नवऱ्याचं, लेकाचं पत्र वाचून दाखवायची. एका बाईच्या लेकाच्या पत्राऐवजी सरकारी कागद आला. तो इंग्रजीत होता. आत्याला इंग्रजी येत नव्हतं. नावाची अक्षरं तेवढी कुणाकुणाच्या तोंडून ऐकलेली, त्यावरून तिनं अंदाज बांधला आणि अंदाज खरा निघाला. ती पुढं म्हातारपणी म्हणायची, "मला इंग्रजी यायला पाहिजे हुतं. निदान त्या माउलीला नीट वाचून तरी दाखवलं असतं." वस्तीच्या अख्ख्या लढाईचं टपाल तिनं वाचलं. शाळेच्या दाखल्यावर तिची चौथी अपुरी आहे.

बेचाळीसच्या जुलैत नागपूरच्या महिला परिषदेत हजारो बायकांपुढं बाबासाहेब सांगत होते, पोरींना शिकवा. आमच्या घरी ते भाषण पोचलं होतं. दादाच्या मनिऑर्डरीसुद्धा पोचत होत्या. तरी पैसा पोराच्या शिक्षणाला आणि पोरगी रांगेला, हा निवाडा घरातल्या घरातच झाला. बामनाच्या नावानं बोटं मोडताना हे एक बोट आपल्याकडं ठेवायचं.

मार्च १९४५ ला आबा मॅट्रिकला बसले. जर्मनी मेमध्ये शरण आला, निकाल जूनमध्ये आला. निकाल पेपरात छापून यायचा, नुसते नंबर. गावात पेपर एकाच घरी यायचा. तो त्यांच्या गड्याकडून दुपारनंतर मिळाला, अंगणात लांबून टाकलेला. नंबर आत्यानं शोधला. आबांचे हात थरथरत होते म्हणून त्यांनीच पेपर तिच्याकडे दिला. नंबर होता. गणितात काठावर, इंग्रजीत काठावर, पण होता.

त्याची सनद आली ती घरातल्या लोखंडी ट्रंकेत ठेवली. ट्रंक दादांची, पलटणीतली. पुढं १९४६ ला दादा फौजेतून मोकळे होऊन आले तेव्हा त्यांचा डिस्चार्जचा कागदही त्याच ट्रंकेत गेला. मी ती ट्रंक कैकदा उघडून बघितली आहे. दोन कागद. एक सांगतो की हा माणूस सरकारच्या कामाला आला आणि काम संपलं. दुसरा सांगतो की हा माणूस मॅट्रिक पास आहे. तिसरा कागद असायला पाहिजे होता. तो नाही.

दादा परत आले तेव्हा छातीला मेडल होतं. फौजेत रोमन उर्दू शिकले होते, तिसऱ्या वर्गाचं सर्टिफिकेट होतं. पलटणीत कुणी त्यांना गोणपाटावर बसवलं नव्हतं. आल्या आल्या गावाच्या आडावर पाणी प्यायला गेले, बूट घालूनच. पुढं काय झालं ते लिहीत नाही, तुम्हाला तोंडपाठ आहे. बायकांनी आड बाटला म्हणून आरडाओरडा केला, आज्जानं पाटलाच्या पायावर डोकं ठेवलं. ब्रह्मदेशाच्या जंगलात जपानी गोळीला न वाकलेला माणूस दुसऱ्या दिवशी मुंबईची गाडी धरून गेला तो मिलमध्ये बदली कामगार म्हणून मेला. मेडल विकलं की हरवलं ते कुणाला ठाऊक नाही.

हे फक्त आपल्याच नशिबी आलं असं समजू नका. अमेरिकेत २२ जून १९४४ ला सैनिकांसाठी एक मोठा कायदा झाला. लढाईवरून आलेल्याला कॉलेजचा खर्च सरकार देणार, घराला कर्जाची हमी देणार. काळ्या सैनिकांनीही तीच लढाई मारली होती. पण दक्षिणेकडच्या राज्यांत कायदा राबवणारे अंमलदार गोरे, कॉलेजं गोऱ्यांची, बँका गोऱ्यांच्या. काळ्यांची कॉलेजं थोडी, ती इतकी भरली की हजारोंना परत पाठवावं लागलं. कागदावर सगळ्यांना सारखं आणि दारात वेगळं. १९४६ साली बाबासाहेबांनी डब्ल्यू. ई. बी. द्यू बॉइस यांना पत्र लिहिलं, ते उगीच नाही. दोघांनाही हे दार ठाऊक होतं.

म्हणूनच बाबासाहेब पलटणीवर थांबले नाहीत. पलटण उभी करायला सरकारचा हुकूम लागतो आणि मोडायलाही सरकारचाच हुकूम पुरतो. १८९२ नं आणि १९२१ नं ते शिकवलं होतं. ८ जुलै १९४५ ला त्यांनी पीपल्स एज्युकेशन सोसायटी स्थापन केली. जपान शरण यायला अजून पाच आठवडे होते. म्हणजे लढाई संपायच्या आत, दार लागायच्या आत, त्यांनी आपलं स्वतःचं दार बसवलं. २० जून १९४६ ला मुंबईत सिद्धार्थ कॉलेज सुरू झालं. कुठं? मरीन लाईन्सला, लष्करानं लढाईत बांधलेल्या बराकींत. जिथं सैनिक झोपत होते तिथं पोरं अर्थशास्त्र शिकायला बसली. वर्ग सकाळचे, म्हणजे नोकरी करणाऱ्याला आधी कॉलेज आणि मग ऑफिस.

आबा त्या पहिल्या वर्षातले. तारखात्यात कारकुनी लागली होती, राखीव जागेवर. पहाटे परळच्या खोलीतून चालत निघायचे, ट्रामचा आणा वाचवायचा म्हणून. बराकीत पावसाचं पाणी गळायचं. पत्र्यावर सर कोसळली की प्राध्यापक थांबायचे आणि पोरं वहीत वाचायची. पण बाक पहिला होता, कारण तिथं शेवटचा बाक नावाची जात नव्हती. १९५० साली औरंगाबादला मिलिंद निघालं आणि मराठवाड्याची पोरं शिकली. पुढं त्याच शहरातून 'अस्मितादर्श' निघालं. आपण हे सायक्लोस्टाईल अंक काढतो, स्टेन्सिल कापतो, शाईनं हात बरबटून घेतो, ते सगळं त्या गळक्या बराकीचं देणं आहे.

लढाया संपलेल्या नाहीत. युक्रेनमध्ये खार्किव शहरातल्या पोरांचे वर्ग जमिनीखाली, मेट्रोच्या स्टेशनात भरवावे लागले. गाझात २०२४ साली बारावीची, तिकडे तिला तौजिही म्हणतात, परीक्षा होऊच शकली नाही. हजारो पोरं तयारी करून बसली होती, त्यांतली कित्येक आता नाहीतच. बातम्यांत रॉकेटांची नावं येतात. त्या पोरांचं बुडालेलं वर्ष कोण भरून देणार, हा प्रश्न मला पडतो. कारण ते वर्ष ज्याच्या घरी काहीच नाही त्याच्याच घरातून जातं. हे मला आमच्या ट्रंकेनं शिकवलंय.

म्हणून कार्यकर्त्या पोरांनो, तुमच्याशी थोडं सरळ बोलतो. तुम्ही मोर्चे काढा, रस्त्यावर या, तुरुंगात जा. त्याशिवाय काही मिळत नाही हे मला शिकवू नका, मीही लाठ्या खाल्ल्या आहेत. पण परीक्षेच्या महिन्यात वस्तीतल्या दहावी-बारावीच्या पोराला झेंडा धरायला बोलावताना एकदा विचारा, याचं वर्ष गेलं तर याला परत कोण बसवणार? उत्तर आपल्याकडं नसेल तर त्याला घरी पाठवा आणि झेंडा आपण धरा. त्याच्या घरात रात्री बारापर्यंत दिवा राहील याची व्यवस्था करा. जिथं वीज कापली असेल तिथं विहाराचं दार उघडा. संघटनेच्या वर्गणीतून परीक्षेची फी भरा आणि त्याचा हिशेब अंकात छापा.

आणि त्या घरात एखादी पोरगी भावासाठी रांगेत उभी असेल, रेशनच्या, पाण्याच्या, दवाखान्याच्या, कुठल्याही, तर भाऊच्या पाठीवर थाप मारण्याआधी तिच्या हातातली पिशवी आपल्या हातात घ्या. तिला म्हणा, तू जा, तास चुकेल. आपल्या चळवळीनं एवढं जरी घरोघर केलं तरी पुष्कळ झालं. भाषणं आहेतच, ती होत राहतील.

जयभीम.